ओढा एक, विभाग चार : शहरावरच्या एकत्रित संशोधनाचे तुमचे अनुभव सांगा

ओढ्याकाठची

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहितेच.

मी पुण्यात पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करते आहे, शेवटचं सत्र संपत आलंय. गेलं दीड वर्ष पर्यावरण, भूगोल, सिव्हिल आणि समाजशास्त्र अशा चार विभागांचे विद्यार्थी मिळून एका प्रकल्पावर काम करतोय. विषय शहरातून वाहणारा आंबिल ओढा. २५ सप्टेंबर २०१९ ची पुराची रात्र पुणेकरांना सांगायला नको. कात्रजपासून सहकारनगर, दांडेकर पुलापर्यंत ओढ्यानं जे केलं ते सगळ्यांनी पाहिलंय. पुन्हा तसा पाऊस झाला तर पाणी कुठं शिरेल आणि लोक काय करतील, हे शोधायचं होतं.

पहिले तीन महिने आम्ही फक्त भांडलो. तेही "पूर" या एका शब्दावरून. सिव्हिलचा मित्र म्हणायचा, पाणी पात्राबाहेर आलं की पूर. भूगोलवाली नकाशावर निळा रंग भरून दाखवायची. समाजशास्त्राची मैत्रीण म्हणायची, घरात शिरलं नाही तर लोक त्याला पूर म्हणतच नाहीत. दर बैठकीत चहा व्हायचा आणि जो तो आपापल्या विभागात परत जायचा.

मग एकदा चौघं मिळून ओढ्याच्या कडेच्या एका घरी गेलो. तिथल्या मावशींनी दारातल्या पायऱ्या दाखवल्या. "पहिल्या पायरीला पाणी आलं की मी गॅसची टाकी खिळ्याला बांधते. दुसऱ्या पायरीला आलं की पोरांना वरच्या आळीत भावाकडं धाडते. ओट्याला लागलं की मेन स्विच बंद." सिव्हिलच्या मित्रानं पिशवीतून टेप काढला आणि खाली बसून तिन्ही उंच्या मोजल्या. त्याच्या संगणकातल्या नमुन्यात, म्हणजे मॉडेलमध्ये, जमिनीची उंची मीटर-मीटरच्या टप्प्यांनी होती, आणि मावशींचं सगळं जगणं एका मीटरच्या आत चाललेलं. निघताना त्यांनी शेजारच्या सोसायटीच्या सीमाभिंतीकडे बोट केलं. "ही भिंत झाली आणि पाणी इकडं वळलं." ती भिंत आमच्या एकाही नकाशात नव्हती. भिंतीची जाडी वीतभर, उपग्रहाच्या चित्रातून काढलेल्या उंचीत ती दिसणार कशी?

त्या दिवसापासून कामाला वेग आला. आता आमचा नमुना सेंटिमीटरबरोबर पायऱ्याही सांगतो.

प्रश्न असा. पीएच.डी.साठी दोन वाटा आहेत. एक सरळ जलविज्ञानात. दुसरी आंतरविद्याशाखीय, दोन विभागांचे दोन मार्गदर्शक घेऊन. जीव दुसरीकडे ओढतोय. पण सर म्हणतात, "भरतीच्या वेळी पदवीवरचा विषय बघतात, तुला कोणत्या रांगेत उभं करणार?" आईबाबांनाही तीच काळजी आहे. या वाटेनं गेलेल्यांनी खरं सांगा. काय मिळालं, काय गमावलं?

डेक्कनट्रॅप

पायऱ्यांची गोष्ट फार आवडली. मी भूशास्त्राचा. असाच अनुभव भूजलाच्या कामात आला.

पुण्याखाली बेसॉल्ट, लाव्हा थिजून झालेला काळा खडक. या खडकात पाणी वाळूतल्यासारखं सगळीकडे भरून राहत नाही. झिजलेल्या थरात, भेगांत, दोन लाव्हा थरांच्या सांध्यात साठतं. म्हणून एका सोसायटीची बोअर चालते आणि भिंतीपलीकडची कोरडी निघते. मला हव्या होत्या बोअरच्या खोल्या आणि पाण्याच्या पातळ्या. सोसायट्यांच्या कार्यालयात विचारलं तर कुणाकडे नोंद नाही. महिनाभर नुसतं हिंडलो.

आमच्या गटात अर्थशास्त्राची एक विद्यार्थिनी होती. ती म्हणाली, "टँकरच्या पावत्या बघू या, पैशाचे कागद कुणी फेकत नाही." खरंच, प्रत्येक ठिकाणी पावत्यांच्या फायली निघाल्या. कोणत्या महिन्यात पहिला टँकर आला आणि पावसाळ्यात शेवटचा कधी, हे लावत गेलो तर बोअर कधी आटते आणि कधी भरते याचा वर्षावर्षाचा आलेख उभा राहिला. मी खडकात शोधत होतो ते तिला खोक्यात सापडलं.

आणि वॉचमन! एका सोसायटीतले मामा रोज पंप चालू करायचे. "दिवाळीत दीड तास चालते, होळीनंतर वीस मिनिटांत फुसफुसते." हे त्यांना कुणी कधी विचारलंच नव्हतं. नंतर आम्ही त्यांना एक वही दिली आणि त्यांनी वर्षभर न चुकता वेळा लिहिल्या. अक्षर असं की छापावं.

तर ताई, दुसऱ्या वाटेला माझं मत.

पेठेतले_आजोबा

मी निवृत्त अभियंता, पाणीपुरवठ्यात ३४ वर्षं काढली. थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नये.

आधी एक विषय पक्का करा. पाणी किती वेगानं येईल हे ज्याला स्वतःला मांडता येत नाही, त्यानं मावशींच्या पायऱ्या मोजून पुढे काय करायचं? तुमच्या मित्राला टेप काढावासा वाटला कारण त्याला आपल्या नमुन्यात नेमकं काय कमी आहे ते कळत होतं. चार विषयांची तोंडओळख असलेल्याला ते कळलं नसतं.

आता तुमच्या बाजूचंही सांगतो. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून पाणी जमिनीखालच्या बांधीव नळानं, निव्वळ उतारावर, शनिवारवाड्यापर्यंत आणलं. मध्ये मध्ये उच्छ्वास, म्हणजे हवा खेळायला आणि गाळ काढायला ठेवलेली भोकं. पेठांत हौद. उतार धरणारा, चुना मळणारा, हौदावर पाणी भरणारा, सगळ्यांचा विचार एका कामात झालेला दिसतो. आणि ज्या आंबिल ओढ्यावर तुम्ही काम करता, तो पूर्वी पेठांच्या भागातून वाहायचा. त्याच काळात त्याचं पात्र वळवलं. तेव्हा ओढा वळवण्याचा इतिहासही प्रबंधात घ्या, पाचवा विभाग म्हणून.

पायऱ्यांवरून आठवलं. १२ जुलै १९६१, पानशेत धरण फुटलं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आम्ही नारायण पेठेत. नंतर अनेक वर्षं मी क्युसेकमध्ये त्या पुराचा अभ्यास केला. आजी मात्र शेवटपर्यंत एवढंच सांगायची, "देवघराच्या कोनाड्याला पाणी लागलं आणि मी कृष्ण उचलला." नोकरीत असताना हे कधी सुचलं नाही, पण आज तुमचं वाचून वाटतं, तो कोनाडा मोजून ठेवायला हवा होता. वाडा आता राहिला नाही.

सईची_आई

आजोबा, पानशेतवर वेगळा धागा काढाच. तुमच्यासारख्यांनी लिहून ठेवलं नाही तर आम्हाला कुठून कळणार.

पत्र्याखाली

मी मुंबईचा, शिक्षण भौतिकशास्त्राचं. आमच्या प्रकल्पाचा विषय होता उन्हाळ्यात वस्तीतल्या घरांचं तापमान. सोबत वास्तुकलेचा एक विद्यार्थी आणि समाजकार्याची एक विद्यार्थिनी.

मी सुरुवात केली उपग्रहाच्या चित्रांपासून. लँडसॅटचा एक उपग्रह आपल्यावरून १६ दिवसांनी एकदा जातो, तोही सकाळच्या वेळी. त्यातून जमिनीच्या आणि छपरांच्या पृष्ठभागाचं तापमान काढता येतं. नकाशा सुरेख झाला, पण पत्र्याची छपरं त्यात अपेक्षेपेक्षा थंड दिसत होती! मी स्वतः पत्र्याच्या घरात वाढलोय. मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली काय होतं ते मला माहीत आहे, आणि माझाच नकाशा मला खोटं पाडत होता. कारण पुस्तकातलंच होतं. चकचकीत धातू उष्णता कमी उत्सर्जित करतो, म्हणून वरून बघणाऱ्या यंत्राला तो आहे त्यापेक्षा थंड वाटतो. ती दुरुस्ती केली नसती तर सगळ्यात तापलेली वस्ती कागदावर गारव्यात बसली असती.

मग समाजकार्याची मैत्रीण म्हणाली, "सकाळचं राहू दे, बायकांना रात्रीचं विचार." रात्री एकपर्यंत कुणी आत झोपत नव्हतं. बाया दाराच्या उंबऱ्यात बसून राहायच्या, पोरं गल्लीत. पण बाईमाणसाला गल्लीत अंग टाकता येत नाही, म्हणून सगळ्यात कमी झोप त्यांची. हे उपग्रहाच्या कोणत्या पट्ट्यात दिसणार?

पुढे घराघरांत तापमान नोंदवणारी छोटी यंत्रं टांगली. एका घरातल्या नोंदी चार दिवस जवळजवळ सरळ रेषेत. मी यंत्र बिघडलं म्हणून त्या नोंदी काढून टाकणार होतो. मैत्रीण जाऊन बघून आली. आजींनी यंत्र रुमालात गुंडाळून डाळीच्या डब्यात ठेवलं होतं. त्याचा लाल दिवा रात्री लुकलुकायचा आणि नातू झोपेत दचकायचा. आम्ही दिव्यावर चिकटपट्टी लावली, आजींनी यंत्र परत टांगलं. मी एकटा असतो तर आजींना "सदोष नोंद" म्हणून वहीतून खोडलं असतं.

त्याच आजींनी विचारलं होतं, "आकडे मिळाले की पत्रा बदलून देणार का?" त्या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही. एवढंच सांगतो, अहमदाबादनं २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला, त्यात डॉक्टर, हवामानाचे अभ्यासक आणि महापालिका एकत्र बसले. तेव्हा आकड्यांतून काही होऊ शकतं यावर माझा विश्वास आहे.

सईची_आई

डाळीचा डबा वाचून डोळ्यांत पाणी आलं.

कालव्यापलीकडे

मूळचा सांगलीचा, सध्या नेदरलँड्समध्ये शिकतोय. २००५ आणि २०१९ चे कृष्णेचे पूर घरच्यांनी पाहिलेत, म्हणून इकडे पाण्याचा अभ्यास करायला आलो.

इथं रॉटरडॅममध्ये बेंथेमप्लाइन म्हणून एक चौक आहे, २०१३ मध्ये झालेला. एरवी मुलं तिथं बास्केटबॉल खेळतात, पायऱ्यांवर बसतात. जोराचा पाऊस झाला की आजूबाजूच्या छपरांचं पाणी त्यातल्या तीन खोलगट भागांत साठतं, सुमारे १७ लाख लिटर. गटारांवरचा ताण तेवढा वेळ कमी होतो. आराखडा करताना शेजारच्या कॉलेजातली मुलं आणि चर्चमधली मंडळी सोबत बसली होती. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला आपल्या गावचा घाट आठवला. पाणी असेल तेव्हा पाण्याचा, नसेल तेव्हा माणसांचा.

पण इथंही सगळं आपोआप जमत नाही. आमच्या गटात सात देशांचे नऊ जण होते. पहिल्या आठवड्यात प्रत्येकानं आपल्या विषयातला मुख्य शब्द मातृभाषेत समजावून सांगायचा होता. मला "सस्टेनेबल" आला. मी म्हटलं, शाश्वत. मग त्याचा अर्थ सांगायला गेलो आणि अडखळलो. शाश्वत म्हणजे कधीच नाश न पावणारं, आपल्याकडे ते देवाबद्दल म्हणतात. शहराला कसं म्हणायचं?

गवतफुला

अवांतर, पण हा मुद्दा फार जिव्हाळ्याचा आहे. मी मराठीची विद्यार्थिनी, एका अशाच प्रकल्पात प्रश्नावलीचं भाषांतर करायला घेतलं होतं. "तुमच्या मते शाश्वत शहर म्हणजे काय?" असा प्रश्न छापून गेला. एका बाईंनी उत्तर दिलं, "शाश्वत काहीच नसतं, बाई." दुसऱ्या गृहस्थांनी प्रवचनच दिलं. सगळे फॉर्म बाजूला ठेवावे लागले.

मग आम्ही लोक काय बोलतात ते ऐकायला बसलो. बायका पाण्याबद्दल म्हणतात "पुरवून वापरायचं". घराबद्दल म्हणतात "पोरांच्या वेळेपर्यंत टिकलं पाहिजे". नवी प्रश्नावली या दोन क्रियापदांवर उभी केली, पुरवणं आणि टिकणं. लोक तासतासभर बोलले.

आधी मला प्रकल्पात "भाषांतर सहाय्यक" म्हणून घेतलं होतं. नंतर प्रश्न तयार करणाऱ्या गटात माझं नाव आलं.

कालव्यापलीकडे

"पुरवणं"! हे मी उद्या वर्गात सांगणार.

पेठेतले_आजोबा

गवतफुला, शाबास. माझ्या ३४ वर्षांच्या नोकरीत पाण्याच्या एकाही अहवालात "पुरवून वापरणे" आलं नाही, कायम "मागणी" आणि "पुरवठा". पुरवठा तोच धातू आहे की हो!

वजनकाटा

कचऱ्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. मी समाजकार्याची. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आहे आणि "स्वच्छ" ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ ची. आमच्या अभ्यासात अभियांत्रिकीची मुलं कचऱ्याचे ढीग चार भागांत वाटून, वजन करून घटक काढायची. पद्धत शास्त्रशुद्धच. पण प्लॅस्टिकचे प्रकार ओळखताना अडत होती. एका कचरावेचक ताईंनी तुकडा हातात घेऊन वाकवला, कानाजवळ वाजवला, नखानं खरवडला आणि सांगितलं, "हे वेगळं, याला भाव नाही." प्रयोगशाळेत तपासलं तर बरोबर. त्या दिवसापासून मुलांनी त्यांच्याकडे महिनाभर शिकवणी लावली असंच म्हणा.

सॅनिटरी पॅडवर लाल ठिपका काढून कागदात गुंडाळून द्या, म्हणजे कचरा हाताळणाऱ्यांना आत काय आहे ते कळेल, ही मोहीम पुण्यात झाली होती, ती अशाच कचरावेचक ताईंच्या अनुभवातून. मी होस्टेलच्या मजल्यावर एकेका खोलीत जाऊन सांगितलं. पहिल्या दिवशी मुली लाजल्या, आठवड्यानं जिन्यात लाल पेन दोरीनं बांधलेलं दिसलं.

दांडेकरपूल_३०

इतके दिवस फक्त वाचतो, आज लिहितोय. मी ओढ्याकाठच्या वस्तीतच वाढलो. सध्या डिप्लोमा करून नोकरीला आहे.

२०१९ नंतर आमच्याकडे इतकी कॉलेजं येऊन गेली की आईनं मोजणं सोडून दिलं. कुणी फॉर्म घेऊन, कुणी ड्रोन घेऊन. प्रत्येकाला तीच रात्र परत सांगायची. पाणी कधी आलं, काय वाहून गेलं, कोण गेलं. आमच्या शेजारच्या काकूंना त्या रात्रीबद्दल बोललं की आठवडाभर झोप लागत नाही. तरी पोरं लांबून आलीत म्हणून चहा करून बोलतात. फॉर्म घेऊन गेलेलं माणूस परत कधी दिसत नाही. नकाशा केला असेल तर आम्हाला दाखवला का? आमचं घर त्यात कोणत्या रंगात आहे, हे आम्हाला कळायला नको?

कुणाचा अपमान करायचा नाही. वरच्या मावशींच्या पायऱ्या वाचून बरं वाटलं, कुणीतरी वाकून मोजलं. पण चार विभाग एकत्र आले म्हणता, तर पाचवे आम्हीसुद्धा धरा.

ओढ्याकाठची

दादा, तुमचं वाचून काल रात्री झोप आली नाही. आम्हीही फॉर्म घेऊन गेलो आणि परत गेलो नाही. प्रबंध जमा करायची घाई होती, पण ते कारण तुम्हाला सांगण्यासारखं नाही. मनापासून माफी मागते.

तुमच्या म्हणण्याप्रमाणे करायचं ठरवलं तर कसं करू? लोकांना नकाशा वाचता येईल असा कसा असावा?

दांडेकरपूल_३०

माफी नको ताई, या. नकाशा मोठा पाहिजे, घरं ओळखू आली पाहिजेत. मंदिर, दवाखाना, पिठाची गिरणी दाखवा, त्यावरून लोक आपलं घर शोधतात. उत्तर दिशा वगैरेनं काही कळत नाही. आणि रविवारी सकाळी दहानंतर या, त्याआधी बायकांची पाण्याची वेळ असते.

डेक्कनट्रॅप

"पिठाच्या गिरणीवरून घर" हे प्रत्येक भूगोल विभागाच्या फळ्यावर लिहायला हवं.

फळा_आणि_खडू

मी महाविद्यालयात शिकवते, माझी पीएच.डी. दोन विभागांतून झाली. मूळ प्रश्नावर येते, कारण धागाकर्तीला अर्ज भरायचाय.

सरांची काळजी खोटी नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणात बहुविद्याशाखीय शिक्षणावर खूप भर आहे, पण जाहिरात विषयवार निघते आणि छाननीत "संबंधित विषय" बघितला जातो. मला एका मुलाखतीत विचारलं होतं, "तुम्ही नक्की कुणाच्या?" माझी मैत्रीण त्याच वर्षी सरळ विषय घेऊन लागली, मला त्यानंतर तीन वर्षं तासिका तत्त्वावर काढावी लागली. ती वर्षं अवघड गेली, हे लपवणार नाही. तेव्हा नेट ही पात्रता परीक्षा तुझ्या मूळ विषयात दे आणि नोंदणीही अशा विभागात कर जिथली पदवी सरळ ओळखली जाते. दुसरा विभाग सहमार्गदर्शकाच्या रूपानं आण. आजोबांचं "एक विषय पक्का" आणि तुझी ओढ, दोन्ही त्यात बसतात.

दुसरं, शोधनिबंधात कुणाचं नाव कितवं, हे पहिल्या महिन्यात कागदावर लिहून घ्या. विषयाविषयांत रीत वेगळी असते. कुठं पहिलं नाव सगळ्यात महत्त्वाचं, कुठं आडनावाच्या अक्षरक्रमानं नावं लावतात. आमच्याकडे हे शेवटी बोललं गेलं आणि दोन जीवलग मैत्रिणी वर्षभर बोलत नव्हत्या.

आणि दोन्ही मार्गदर्शकांना महिन्यातून एकदा एका खोलीत बसव. एक म्हणतो आकडे वाढव, दुसरा म्हणतो मुलाखती वाढव, आणि मध्ये विद्यार्थ्याचं पाचवं वर्ष उजाडतं.

तीन तासिका वर्षं धरूनही, पुन्हा निवडायची वेळ आली तर मी हेच निवडेन. कारण माझा प्रश्न मला कोणत्याही एका विभागानं दिला नव्हता, तो मला बसथांब्यावर मिळाला होता.

ओढ्याकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. आईबाबांना हा धागा वाचून दाखवला. बाबा आजोबांच्या बाजूचे, आई डाळीच्या डब्याच्या.

ठरलं असं. नोंदणी जलविज्ञानात. सहमार्गदर्शक समाजशास्त्राच्या बाई, त्यांनी काल होकार दिला. नावांचा कागद चौघांनी सह्या करून ठेवला. आणि आजोबा, ओढ्याच्या जुन्या पात्राचं प्रकरण घेतेय, पण जुने नकाशे वाचायला तुमची मदत लागेल.

येत्या रविवारी साडेदहाला आम्ही चौघं नकाशा घेऊन वस्तीत जातोय. गिरणी, मंदिर, दवाखाना टाकलेत. पायऱ्यांचे तीन रंग केलेत. मोठ्या आकाराचा फ्लेक्स कमी दरात कुठं छापून मिळेल?

वजनकाटा

फ्लेक्स नको गं, त्याचं पुढे काहीच होत नाही. मांजरपाटावर छापून देणारे एक जण माझ्या ओळखीचे आहेत. घडी घालून ठेवता येईल आणि लोकांना त्यावर पेनानं लिहिताही येईल. फाईल पाठव, शनिवारी संध्याकाळी आणून देते.

दांडेकरपूल_३०

समाजमंदिराची किल्ली माझ्याकडे आहे. भिंतीला खिळे मारून ठेवतो. काकूंना सांगितलंय, या वेळी त्या रात्रीचं कुणी विचारणार नाही, फक्त नकाशा बघायचाय. त्या येतो म्हणाल्या.

पेठेतले_आजोबा

मीही येतो. भिंग आणि जुना नकाशा घेऊन.